पाटी बदलली, आता विचारायचे कुणाला?

श्रोतेहो, पुण्याहून हडपसरमार्गे सासवडला निघालात, की दिवेघाट लागण्याआधी दोन मोठी गावे भेटतात. एक फुरसुंगी, दुसरे उरुळी देवाची. ज्ञानोबारायांची पालखी दरसाल याच रस्त्याने सासवडला जाते, म्हणून वारकरी मंडळींना ही नावे पाठ आहेत. आज मी तुम्हांला या गावांकडे नेतो आहे ते मात्र पालखीसाठी नव्हे. पालखीचे थोडे पुढे बोलू. आज पाहायच्या आहेत त्या तिथल्या पाट्या.

या दोन्ही गावांत २०१७ सालच्या ऑक्टोबरपर्यंत ग्रामपंचायती होत्या. त्या महिन्यात पुणे शहराभोवतालची अकरा गावे महापालिकेत घेतली गेली, त्यांत हीही गेली. ग्रामपंचायतीची पाटी उतरली, महापालिकेची चढली. पुढे सात वर्षांनी, २०२४ च्या सप्टेंबरात, सरकारने ही दोन गावे महापालिकेतून बाहेर काढली आणि दोघांची मिळून एक नगरपरिषद केली. पुन्हा पाटी बदलली. म्हणजे पाहा, जे पोर २०१७ च्या जूनमध्ये पहिलीत बसले, ते आठवीत गेले तेवढ्यात त्याच्या गावाने तीन कारभार पाहिले. घर तेच, आळी तीच, नळाला पाण्याची वाट बघणेही तेच.

आता तुम्ही म्हणाल, पाटी बदलली तर आम्हांला काय त्याचे? कुणी का कारभार करीना, दिवा लागला नि गटार वाहिले म्हणजे झाले. बोलणे वरवर खरे वाटते. पण दिवा लागला नाही, तर? गटार तुंबले, तर? तेव्हा विचारायचे कुणाला, हा प्रश्न उभा राहतो. आणि या प्रश्नाचे उत्तर पाटीबरोबर बदलते.

ग्रामपंचायतीच्या गावात उत्तर सोपे असते. सरपंच पारावर, नाहीतर दूध घालायला आलेले, कुठेतरी सापडतातच. "सरपंच, आमच्या आळीतला दिवा चार दिवस झाले बंद आहे." "बघतो, तात्या. उद्या वायरमनला सांगतो." उद्याचा परवा होईल, कदाचित आठवडाही जाईल, पण तात्यांना तोंड ठाऊक आहे आणि त्या तोंडाला तात्यांचे मत ठाऊक आहे. महापालिकेत तोच दिवा गेला, तर क्षेत्रीय कार्यालय गाठायचे, तक्रार नोंदवायची आणि नोंदीचा क्रमांक जपून ठेवायचा. ही रीत वाईट आहे असे मी म्हणत नाही. लाखो माणसांच्या शहरात दुसरी कोणती रीत चालणार? पण ती वेगळी आहे, नि ती कुणीतरी समजावून सांगितल्याशिवाय कळत नाही.

सरपंचांना पारावर गाठणे हा झाला ओळखीचा मार्ग. ज्याची ओळख नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठी कायद्याने एक जागा करून ठेवली आहे. ती म्हणजे ग्रामसभा.

ग्रामसभा म्हणजे पंचायतीची बैठक नव्हे. पुष्कळांचा इथे घोटाळा होतो. पंचायतीच्या मासिक बैठकीत सदस्य बसतात. ग्रामसभेत गाव बसते. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. त्याला कुणी निवडून द्यावे लागत नाही. आपल्या राज्यातला ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ सालचा. १९५९ च्या जूनपासून तो लागू झाला. १९९३ साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा मिळाली. आमदार विधानसभेत उभे राहून मंत्र्यांना प्रश्न विचारतात, तसा आपल्या गावात उभे राहून सरपंचांना प्रश्न विचारण्याचा हक्क तुमच्या आईला, शेजाऱ्याला नि शेजाऱ्याच्या गड्याला आहे.

वर्षाला निदान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आगेमागे होतात. पुरेसे कारण नसताना सभा बोलावली नाही, तर सरपंचाचे पदसुद्धा जाऊ शकते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. ही सभा किती गावांत खरोखर भरते आणि किती गावांत ती नुसत्या वहीत सह्या घेऊन उरकली जाते, हे तुमच्या गावापुरते तुम्हीच तपासा.

सभेची खबर फळ्यावर लागते. पूर्वी दवंडी पिटत. काही गावांत अजून पिटतात. हल्ली ती मोबाईलच्या गटावरही येते. परंतु गटावर सकाळी फुलांची चित्रे, दुपारी विनोद आणि मध्येच कुठेतरी ग्रामसभेची नोटीस, अशी गत असल्यामुळे नोटीस विनोदाखाली गाडली जाते. म्हणून फळ्याची सवय सोडू नये. नोटिशीत नुसती तारीख पाहू नका. खालचे विषय वाचा. सभेपुढे काय येणार, ते तिथे क्रमाने लिहिलेले असते.

आर्थिक वर्षातल्या पहिल्या सभेला तर कामधंदा थोडा बाजूला ठेवून जावे. मागच्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षात करायची कामे आणि लेखापरीक्षकाने मारलेले शेरे, हे सारे त्या सभेपुढे ठेवायचे असते. शेऱ्यांवर पंचायतीने काय उत्तर दिले, तेही. माझ्या मते गावातली सर्वांत महत्त्वाची बातमी हीच. वर्तमानपत्रात ती येत नाही. कुणाच्या हस्ते कशाचे भूमिपूजन झाले, हे फोटोसह येते. त्या कामावर किती खर्च झाला आणि लेखापरीक्षकाने त्यावर काय लिहिले, हे मात्र सभेत मागावे लागते. पंधराव्या वित्त आयोगाचे उदाहरण घ्या. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी गावांना दिलेल्या पैशांपैकी साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिलेला होता, उरलेला चाळीस टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा होता. "त्या चाळीसातून आपल्या गावात काय झाले?" एवढा एकच प्रश्न विचारायला काही वकिली लागत नाही.

आता गणपूर्तीची गोष्ट. गणपूर्ती म्हणजे सभा कायदेशीर ठरायला हजर असावी लागणारी संख्या. ग्रामसभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. चारशे मतदारांच्या वाडीत साठ माणसे हवीत. नि वीस हजार मतदारांच्या गावात? पंधरा टक्क्यांनी हिशेब केला तर तीन हजार व्हायला हवीत. पण कायद्याला शंभर पुरतात. शहराला लागून असलेल्या गावात याचा अर्थ काय होतो, तो नीट लक्षात घ्या. तिथे जुने गाव एका बाजूला, आणि दहा-दहा मजल्यांच्या इमारती दुसऱ्या बाजूला. इमारतींतली मंडळी सकाळी आठला कामाला जातात, रात्री आठला परततात. घरपट्टीचा मोठा भाग त्यांच्याकडून येतो, पाण्याची ओरडही त्यांचीच मोठी. पण पुष्कळांचे मतदारयादीतले नाव अजून मूळ गावी, कुणाचे लातूरला तर कुणाचे जळगावला. ते ग्रामसभेचे सभासदच नाहीत! मग वीस हजारांच्या गावाचा निर्णय शंभर माणसे करतात आणि बाकीचे जिन्यात उभे राहून पंचायतीला नावे ठेवतात.

शंभरही जमली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे जितके आले तितक्यांत काम उरकते. ही वाट आडरानात सापडलेल्या माणसासाठी असावी, पण काही ठिकाणी तीच हमरस्ता झाली आहे. "मी एकटा नाही गेलो तर काय बिघडते?" असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून बघावा.

हे सारे मी इतके खोलात जाऊन का सांगतो आहे? कारण गाव शहरात गेले की ग्रामसभा संपते. पंचायत बरखास्त होते, सदस्यांची मुदत तिथेच आटोपते, दप्तर आणि मालमत्ता महापालिकेकडे जाते. आणि त्याबरोबर गावकऱ्याचा तो उभे राहून विचारण्याचा हक्कही जातो. महापालिकेची सभा असते. पुण्यात तिला मुख्य सभा म्हणतात. तिथे बोलतात ते नगरसेवक. तुम्हां-आम्हांला फार तर सज्जात बसून ऐकता येते.

शहरात गेल्याने काहीच मिळत नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सतरा सदस्य नि एक ग्रामसेवक (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) मिळून पन्नास हजार वस्तीचे सांडपाणी कुठे नेणार? त्यांच्याजवळ ना अभियंता, ना अग्निशामक बंब. शिवाय शहराकडेच्या गावांत इमारतींना परवानगी देणारा एक आणि त्या इमारतींना पाणी पुरवणारा दुसरा, असा प्रकार आहे. पुण्याभोवती २०१५ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. बांधकामाची परवानगी त्यांच्याकडून मिळते, आणि पाण्यासाठी हंडा घेऊन लोक जातात ते ग्रामपंचायतीच्या दारात. सरपंच तरी काय करणार बिचारा? मोठे रस्ते, मोठी जलवाहिनी, मैलापाण्याची व्यवस्था ही मोठ्या संस्थेचीच कामे आहेत. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही एके काळी गावेच होती. १९७० साली त्यांची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. आज तिथे जाऊन "पुन्हा ग्रामपंचायत करू या" म्हटले तर कुणी ऐकून घेणार नाही.

पण मिळणे पुढे असते आणि देणे लगेच सुरू होते, अशी हद्दीलगतच्या गावांची तक्रार आहे, नि तीत तथ्य आहे. कर एकदम शहराच्या दराने लागत नाही, टप्प्याटप्प्याने चढतो, हे खरे. तरी चढतोच. जलवाहिनी मात्र टप्प्याटप्प्यानेही येईलच असे नाही. फुरसुंगी-उरुळीच्या लोकांना तर याहून जुने दुखणे होते. शहराचा कचरा वर्षानुवर्षे त्यांच्या शिवारात येऊन पडत होता; त्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा आंदोलने करावी लागली. शहरात जाण्याआधीच शहर त्यांच्याकडे आले होते, ते अशा रूपाने. पुढे शहरात गेल्यावर कर वाढला, सोयी त्या मानाने वाढल्या नाहीत, आणि वेगळ्या नगरपरिषदेची मागणी उभी राहिली ती यातूनच.

आणखी एक गोष्ट घडली, ती फार थोड्या लोकांच्या ध्यानात आली. २०२१ च्या जूनअखेरीस पुण्यात आणखी तेवीस गावे घेतली गेली: वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, बावधन बुद्रुक, खडकवासला आणि इतर. त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या. पुढच्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली, आणि तीन वर्षांहून अधिक काळ पालिकेचा कारभार प्रशासकांकडे राहिला. म्हणजे या गावांना सरपंच राहिला नव्हता आणि नगरसेवक अजून मिळाला नव्हता. वाघोलीसारखे, लहान शहराएवढे गाव, आणि विचारायला आपले असे माणूस नाही! प्रशासक काम करीत नव्हते असे नव्हे. परंतु अधिकारी तुमच्या मतावर निवडून आलेला नसतो, आणि तुमच्या मताने घरीही जात नसतो.

तुमचे गाव शहरापासून दहा-पंधरा कोसांवर असेल तर तुम्हांला वाटेल, आपल्याला अजून अवकाश आहे. असेलही. वाघोलीलाही एके काळी तसेच वाटत असेल.

मग पाटी बदललेल्या गावाने काय करावे? दारे अगदीच बंद झालेली नसतात. ती कुठे आहेत हे ठाऊक हवे. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची एक रीत सुरू झाली. आपल्या प्रभागातला पदपथ, बसथांबा, दिवे अशी लहान कामे अर्ज भरून सुचवायची. कुणी अर्ज केला तर! दुसरे दार फायलींचे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालापासून आहे. २००९ साली पुणे महापालिकेने दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत पाडली. २०१८ साली राज्य सरकारने तीच पद्धत जिल्ह्यातल्या इतर कार्यालयांनाही घालून दिली. ही सोय आपल्याकडच्या कार्यालयात चालू आहे का, हे जाऊन विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत. तिसरे दार आहे क्षेत्रसभेचे. शहरांतही मतदारांच्या लहान लहान सभा व्हाव्यात म्हणून २००९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. ग्रामसभेची शहरातली धाकटी बहीण म्हणा ना. पण ही बहीण अजून माहेरीच बसली आहे; तिला बोलावणे धाडणारा नगरसेवक विरळा.

घराचे कागद मात्र विसरू नका. गाव शहरात जाणार अशी हवा निघाली, की ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीचा उतारा काढून ठेवावा आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या पिशवीत बांधून ठेवाव्यात. नव्या कार्यालयात नवी आकारणी होते, तेव्हा घर केव्हाचे नि केवढे, हे दाखवायला हेच कागद उपयोगी पडतात. हा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, एवढे ध्यानात असू द्या.

आता पालखीकडे वळतो. दिवेघाट चढण्याआधी वारकरी या गावांच्या परिसरात टेकतात. लाखो माणसे येणार म्हणजे पाण्याचे टँकर हवेत, शौचालये हवीत, रस्त्यावर दिवे हवेत, दुसऱ्या दिवशी झाडलोट हवी. हे कुणी करायचे? पंचायत असताना ती करी, आणि अर्धे काम गावच करी: कुणी भाकरी, कुणी चहा, कुणी पाय चेपायला. पाटी बदलली तरी भाकरी-चहा बदलला नाही. उलट इमारतींतली नवी मंडळीही पंक्तीत उभी राहून केळी वाटताना दिसतात. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जे दोन शेजारी वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत, ते त्या दिवशी एका कढईला हात लावतात. गावच्या जत्रेतही हेच होते, गणपतीतही. जुने गाव आणि नवी वस्ती यांची ओळख सभेत होत नाही. ती अशा कामात होते, आणि मग सभेला दोघे एकत्र जाऊ शकतात. जत्रेच्या वर्गणीचा हिशेब जे गाव देवळाच्या भिंतीवर लावते, त्या गावाला पंचायतीचा हिशेब मागायला लाज वाटत नाही.

शिक्षक मंडळी, थोडे तुमच्याशी. १९५६ साली पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग केला होता. त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत दीडशे गावे निवडून तिथे शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसवली. मंडळी आठवड्यातून दोनदा जमत, कार्यक्रम ऐकत आणि रेडिओ बंद करून त्यावर आपसांत बोलत. ऐकण्याएवढेच हे बोलणे महत्त्वाचे, असे त्या प्रयोगात मानले होते. तीच युक्ती तुम्हांला वर्गात करता येईल. पाचवी-सहावीच्या मुलांना ग्रामपंचायतीच्या फळ्यापाशी न्या, नोटीस उतरवून आणायला सांगा. वर्गात तीवर बोलू द्या. "गणपूर्ती म्हणजे काय?" "तहकूब म्हणजे काय?" हे शब्द मुलाने घरी जाऊन बापाला विचारले, की निम्मे काम झाले. मग वर्गातच एक सभा भरवा. एकीला सरपंच करा, एकाला इतिवृत्त लिहायला बसवा, आणि बाकीच्यांनी शाळेच्या नळाबद्दल प्रश्न विचारावेत. इतिवृत्त लिहिणाऱ्याने ठराव शब्दशः लिहिला की नाही, हे शेवटी सगळ्यांपुढे वाचून घ्या. खऱ्या सभेतही ही मागणी करता येते, आणि मोठी माणसे ती करायला विसरतात.

गाव हद्दीत गेले, की शाळा जिल्हा परिषदेकडे राहणार की नव्या संस्थेकडे जाणार, तुमची बदली कुठे होणार, पोषण आहाराचे नि खोल्यांच्या दुरुस्तीचे कुणाकडे पाहायचे, हे प्रश्न तुम्हांलाही भिडतात. तेव्हा हद्दवाढीची प्राथमिक अधिसूचना निघाली, की तीवर हरकती आणि सूचना मागवतात, त्याला मुदत असते, हे लक्षात ठेवा. मुदतीत गेलेल्या कागदाची नोंद होते. मुदत टळल्यावर चौकात केलेल्या भाषणाची होत नाही. गावातल्या म्हातारीला हरकतीचा अर्ज लिहून द्यायला शिक्षकाइतका जवळचा माणूस दुसरा नाही. अर्ज दोन प्रतींत करावा, आणि एका प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नये.